खहर राशी आणि यंत्रातला अनंत

भास्कराचार्यांच्या ‘करणकुतूहल’ या ग्रंथात पृथ्वीच्या मध्यरेखेवरच्या गावांची एक यादी आहे. लंकेपासून निघालेली ती रेखा मेरूपर्यंत जाते आणि वाटेत ज्या ठिकाणांवरून जाते त्यांत उज्जयिनी आहे, कुरुक्षेत्र आहे आणि त्यांच्या दक्षिणेला वत्सगुल्म आहे. वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशिम. त्याच्या शेजारी ‘पर्यली’ असे नाव येते आणि त्यात आपल्याला परळी ऐकू येते. वाशिमात मध्यमेश्वराचे देऊळ आहे. प्राचीन मध्यरेखा याच जागेवरून जात होती, असे गावातली माणसे आजही सांगतात. आधुनिक नकाशा पुढ्यात घेतला तर वाशिम उज्जैनच्या पूर्वेला अंशाहूनही थोडे जास्तच सरकलेले दिसते, तेव्हा ती रेखा काही सरळ नव्हती. पण तो मुद्दा इथे गौण आहे.

मी राहतो ते पोहरादेवी याच जिल्ह्यात, मानोरा तालुक्यात, वाशिमच्या पूर्वेला आहे. बंजारा समाजाची काशी म्हणून हे गाव साऱ्या देशाला माहीत आहे. संत सेवालाल महाराजांची समाधी इथे आहे आणि रामनवमीला इथे पाय ठेवायला जागा नसते. जुन्या हिशोबाने सांगायचे तर रेखेच्या पूर्वेचे गाव असल्यामुळे इथल्या ग्रहगणितात देशांतराचा संस्कार वजा करावा लागेल. गणित शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे आणि निवृत्तीनंतर संगणकाची आज्ञावली लिहिण्याचा नाद लागल्यामुळे भास्कराचार्यांच्या यादीतले हे शेजारचे नाव मला एका वेगळ्याच प्रश्नाकडे घेऊन गेले. एखादी राशी अनंत झाली आहे, हे ओळखायचे कसे? भास्कराचार्यांनी या प्रश्नाला एक उत्तर दिले. आठशे वर्षांनी यंत्र बनवणाऱ्यांनी दुसरे दिले. दोन्ही उत्तरे वरवर सारखी दिसतात. ती नेमकी कुठे वेगळी होतात, आणि त्या फरकाने आपल्या भागातल्या साध्या सरकारी तक्त्यांचे काय होऊ शकते, हे या लेखात मांडायचे आहे.

शून्याने भागण्याचा प्रश्न भास्कराचार्यांच्या आधी पाचशे वर्षे उभा होता. इसवी सन ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ लिहिला. त्यात धन, ऋण आणि शून्य यांच्या बेरीज-वजाबाकी-गुणाकाराचे नियम इतके स्वच्छ दिले आहेत की आजच्या सातवीच्या पुस्तकात ते जवळपास तसेच आहेत. भागाकाराला येऊन मात्र त्याची गाडी अडखळते. शून्याला शून्याने भागले तर शून्य, असे तो सांगतो. इतर राशीला शून्याने भागले तर तिला ‘तच्छेद’ म्हणावे, म्हणजे ते शून्य जिच्या छेदस्थानी आहे अशी राशी, एवढे म्हणून तो पुढे जातो. नवव्या शतकात राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळातला जैन गणिती महावीर ‘गणितसारसंग्रहा’त म्हणतो की शून्याने भागलेली राशी बदलत नाही, आहे तशीच राहते. हे चूकच होते. पण महावीराची अडचण समजण्याजोगी आहे. दहा पोळ्या कोणालाच वाटल्या नाहीत तर ताटात दहाच राहणार, असा तो व्यवहारी विचार असावा.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ म्हणजे १११४ मधला. सह्याद्रीच्या कुशीतले विज्जलविड हे आपले गाव, असे ते स्वतः सांगतात. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, शके १०७२ मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ पुरा केला. लीलावती आणि बीजगणित हे त्याचेच भाग मानले जातात. चाळीसगावजवळच्या पाटण येथे त्यांचा नातू चांगदेव याच्या प्रेरणेने मठ स्थापन झाला. भास्कराचार्यांचे ग्रंथ तिथे शिकवले जावेत, अशी ती व्यवस्था होती. तिचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. लेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे, पण मठाला कोणकोणते उत्पन्न लावून दिले याचा तपशील शेवटी जुन्या मराठीत आहे. गणिताच्या अध्ययनासाठी मराठीत लिहिलेली ही देणगीची नोंद तेराव्या शतकाच्या पहिल्या दशकातली आहे, ही गोष्ट आपल्याकडे पुरेशी सांगितली जात नाही.

बीजगणितात भास्कराचार्य शून्याने भागलेल्या राशीला ‘खहर’ म्हणतात. ख म्हणजे शून्य आणि हर म्हणजे छेद. उदाहरण साधे आहे. तीनला शून्याने भागले तर तीन छेद शून्य ही खहर राशी मिळते आणि तिला अनंत राशी म्हणावे. ब्रह्मगुप्ताच्या पुढे एक पाऊल टाकून ते तिचा स्वभावही सांगतात. हिच्यात कितीही मिळवा, कितीही काढा, हिच्यात विकार होत नाही. सृष्टीच्या आरंभी असंख्य जीव अच्युतातून बाहेर पडतात आणि प्रलयकाळी त्याच्यात शिरतात, तरी तो जसा अविकृत राहतो, तशी ही राशी.

श्लोकातली उपमा इतकी सुंदर आहे की तिच्या मागचे गणित झाकले जाते. ते गणित अपूर्णांकांच्या बेरजेचे आहे. तीन छेद शून्यात पाच मिळवायचे आहेत. पाच म्हणजे पाच छेद एक. समच्छेद केला की अंशात तीन गुणिले एक अधिक पाच गुणिले शून्य येतात, छेदात शून्य. पाचाला शून्याने गुणल्यामुळे तो अंशातून नाहीसा होतो आणि तीन छेद शून्य पुन्हा हाती येते. म्हणजे अविकारीपणा भक्तीतून आलेला नाही, तो अपूर्णांकांच्या नियमातून आला आहे.

या नियमावर पुढे ज्यांनी विचार केला त्यांतली दोन नावे आपल्याच मुलखातली आहेत. कोकणातल्या नांदगावचे गणेश दैवज्ञ, ‘ग्रहलाघवा’चे कर्ते, यांनी १५४५ मध्ये लीलावतीवर ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका लिहिली. खहर राशी किती मोठी हे ठरवता येत नाही म्हणून ती अनंत, असे ते म्हणतात. दुसरे कृष्ण दैवज्ञ. त्यांचे घराणे विदर्भातल्या पयोष्णीकाठच्या दधिग्रामचे. पुढे ते काशीला गेले आणि जहांगिराच्या काळात कृष्ण दैवज्ञ नावारूपाला आले. बीजगणितावरच्या त्यांच्या टीकेत खहराची जी उपपत्ती आहे ती मला या सगळ्या परंपरेतली सर्वांत धारदार वाटते. भाजक जसजसा लहान होतो तसतसा भागाकार मोठा होतो. भाजक लहानपणाच्या टोकाला गेला की भागाकार मोठेपणाच्या टोकाला जाणार. पण ‘इतका’ म्हणून त्याचे माप सांगता आले, तर ते टोकच नव्हे, कारण त्याहून मोठे कल्पिता येते. म्हणून त्याला इयत्ता नाही.

तीन छेद शून्य आणि चार छेद शून्य या दोन वेगळ्या राशी आहेत का, या प्रश्नाला त्यांनी दिलेले उदाहरण अंगणातले आहे. जमिनीत काठ्या रोवायच्या, म्हणजे शंकू. एक लांब, एक आखूड. दुपारी त्यांच्या सावल्यांची लांबी वेगळी असते. सूर्य अगदी क्षितिजावर असताना मात्र सावली काढायच्या भागाकारात छेदस्थानी उन्नतांशाची ज्या येते, आणि ती शून्य असते. दोन्ही सावल्या अनंत, दोन्ही सारख्या. शंकूची लांबी आता कशातच उमटत नाही. ही शेवटची गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. अनंत झालेल्या उत्तरातून ते कोणापासून निघाले हे पुसले जाते.

आता यंत्राकडे येऊ. संगणकात अपूर्णांकी संख्या साठवायची रूढ पद्धत ‘फ्लोटिंग पॉइंट’ म्हणून ओळखली जाते. दशांशचिन्ह एका जागी खिळलेले नसून घातांकाप्रमाणे तरंगत असते म्हणून हे नाव. हल्लीच्या बहुतेक भाषांत अशा संख्येला ६४ बिट मिळतात. त्यांतला एक चिन्हासाठी, अकरा घातांकासाठी आणि बावन्न अंकांसाठी असतात. जागा ठरलेली असल्यामुळे मोठेपणालाही मर्यादा आली. सर्वांत मोठी मावणारी संख्या सुमारे १.८ गुणिले दहाचा ३०८वा घात आहे. तिच्या पुढे गेले की काय करायचे?

हा प्रश्न पहिल्या यंत्रापासूनच पडला होता. बर्लिनमध्ये कोनराड झूझेने १९४१ मध्ये चालवून दाखवलेल्या झेड-३ या यंत्रात अनंतासाठी घातांकाची एक किंमत राखून ठेवलेली होती. अनंतातून अनंत वजा करण्यासारखी अर्थहीन क्रिया आली की यंत्र थांबे आणि दिवा लागे. पुढच्या तीन दशकांत मात्र प्रत्येक कंपनीने आपापला कायदा केला. एका यंत्रावर जो भागाकार चाले तो दुसऱ्यावर अडे. या गोंधळाला शिस्त लावायचे काम १९७७ पासून एका समितीने हाती घेतले. तिच्यामागची मुख्य बुद्धी विल्यम काहान या बर्कलीतल्या प्राध्यापकाची होती. १९८५ मध्ये आयईईई ७५४ हे मानक मंजूर झाले आणि काहान यांना १९८९ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. या मानकात अकराही घातांकबिट एक आणि पुढचे बावन्नही शून्य असतील तर ती राशी अनंत. घातांकबिट सगळे एक पण पुढे कुठेतरी एखादा एक असेल तर ती ‘नॅन’, म्हणजे संख्याच नव्हे असा शेरा. शून्याला शून्याने भागले की नॅन, अनंतातून अनंत वजा केला की नॅन.

यातला एक तपशील मराठी वाचकाला विशेष रुचावा. मानक पुरे व्हायच्या आधीच, १९८० मध्ये, इंटेलने ८०८७ ही गणिती चिप बाजारात आणली होती. तिच्यात अनंत दोन प्रकारे वापरता येई. एका प्रकारात अनंत एकच, त्याला धन-ऋण चिन्ह नाही, जणू संख्यारेषेची दोन्ही टोके मागून वळून एकमेकांना भेटतात. दुसऱ्या प्रकारात धन अनंत वेगळा आणि ऋण अनंत वेगळा. चिप सुरू झाली की पहिला प्रकार लागू असे. भास्कराचार्यांच्या खहराशी त्याचे जवळचे नाते आहे, कारण त्यांच्या छेदातल्या शून्याला चिन्ह नसते. अंतिम मानकाने मात्र चिन्हवाला अनंतच ठेवला आणि ८०३८७ या पुढच्या चिपमधून पहिला प्रकार गेला. त्याची किंमत म्हणून शून्यालाही चिन्ह घ्यावे लागले. आजच्या यंत्रात धन शून्य आणि ऋण शून्य असे दोन असतात. तुलना केली तर ते समान ठरतात. एकाला मात्र त्यांनी भागले की एक धन अनंत देतो आणि दुसरा ऋण अनंत. कृष्ण दैवज्ञांना हे सांगितले असते तर त्यांनी काय म्हटले असते, हा विचार करून मला अजून हसू येते.

महाराष्ट्रात या मानकाच्या अनंताला मोठे घर मिळाले ते पुण्यात. अमेरिकेकडून महासंगणक मिळत नाही म्हटल्यावर १९८८ मध्ये सी-डॅक स्थापन झाली आणि १९९१ मध्ये परम ८००० उभा राहिला. प्रकल्पाचे सूत्रधार डॉ. विजय भटकर हे अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. आमचा वाशिम जिल्हा १९९८ पर्यंत अकोल्यातच होता, तेव्हा तेवढा अभिमान आम्हालाही क्षम्य आहे. परम ८००० मध्ये इनमॉस या ब्रिटिश कंपनीचे टी-८०० जातीचे ट्रान्सप्युटर होते. त्यांच्यातला फ्लोटिंग पॉइंटचा भाग आयईईई ७५४ प्रमाणे चालतो हे चिप घडवतानाच गणिती पद्धतीने सिद्ध करण्यावर ऑक्सफर्डच्या मंडळींनी इनमॉसबरोबर काम केले होते आणि त्या कामाला १९९० चा राणीचा पुरस्कार मिळाला होता. यंत्राचा अनंत हा तोवर सिद्धतेचा विषय बनला होता.

पण अनंत यंत्रात आला म्हणजे तो आज्ञावलीला ओळखता आला असे नव्हे. मला सर्वांत रस आहे तो इथे.

भास्कराचार्यांची ओळख अविकाराची होती. मिळवा, बदलत नाही, म्हणून खहर. यंत्रात ही कसोटी लावून पाहा. एखाद्या राशीत एक मिळवला आणि उत्तर तीच राशी आली तर ती अनंत, असे म्हणायचे. मी हे करून पाहिले. ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२ ही दोनाच्या ५३व्या घाताची संख्या घ्या. ती पूर्णपणे सांत आहे, कागदावर एका ओळीत मावते. तरी यंत्रात तिच्यात एक मिळवला की उत्तर तेच येते, कारण बावन्न बिटांत पुढचा एकक मावत नाही. म्हणजे यंत्राच्या जगात अविकारीपणा हे अनंताचे लक्षण राहिले नाही. मोठ्या माणसाला लहानाचा स्पर्श जाणवत नाही, एवढाच त्याचा अर्थ उरला.

जुन्या आज्ञावलीकारांनी म्हणून वेगळी युक्ती काढली. राशीतून तीच राशी वजा करायची. सांत असेल तर उत्तर हमखास शून्य. अनंत असेल तर अनंतातून अनंत जाऊन नॅन. राशी मुळातच नॅन असेल तर ती स्वतःशीही समान ठरत नाही, हा मानकाचा विचित्र पण उपयोगी नियम आहे. तेव्हा जी राशी स्वतःशी समान आहे, पण स्वतःतून स्वतः वजा केल्यावर शून्य देत नाही, ती अनंत. ही कसोटी मला उपनिषदाच्या जवळची वाटते, पण मोह आवरतो.

पुढे प्रत्येक भाषेने ही सोय आयती दिली. सी भाषेच्या १९९९ च्या मानकात ‘इझइन्फ’ आणि ‘इझफायनाइट’ हे शब्द आले. पायथनमध्ये इझइन्फ २००८ च्या २.६ आवृत्तीत आले. गो भाषेत विचारताना कोणत्या चिन्हाचा अनंत शोधतोस हेही सांगावे लागते. या भाषा आपसात एकमत नाहीत. जावास्क्रिप्टमध्ये एकाला शून्याने भागले तर मुकाट अनंत मिळतो. पायथन त्याच भागाकाराला हरकत घेऊन थांबतो, पण दहाच्या ३०८व्या घाताला दहाने गुणले तर कुरकुर न करता अनंत देतो, आणि दहाचा ४०० वा घात थेट मागितला तर पुन्हा हरकत घेतो. ब्रह्मगुप्तही अजून हयात आहे. गणिती सिद्धता तपासणाऱ्या लीन या प्रणालीत कोणतीही राशी भागिले शून्य म्हणजे शून्य असे ठरवलेले आहे. त्यामुळे नियम लिहायला सोपे जातात म्हणतात.

आता लीलावतीतल्या एका उदाहरणाकडे परत जाऊ. एक राशी शून्याने गुणली, आलेल्यात त्याचेच अर्धे मिळवले, तीनने गुणले आणि शून्याने भागले, तर त्रेसष्ट आले. राशी कोणती? भास्कराचार्यांचे उत्तर चौदा. त्यांची रीत अशी की शून्याने गुणले म्हणून लगेच शून्य लिहून मोकळे व्हायचे नाही. पुढची क्रिया शिल्लक असेल तर शून्य हा गुणक तसाच बाजूला लिहून ठेवायचा. पुढे शून्य भाजक म्हणून आला तर दोघे एकमेकांना खातात आणि राशी अविकृत बाहेर येते. चौदा, त्यात सात मिळवून एकवीस, तिप्पट त्रेसष्ट. आजचे यंत्र याच वाटेने गेले तर चौदा गुणिले शून्य म्हणजे शून्य, पुढे सगळे शून्य आणि शेवटी शून्य भागिले शून्य, म्हणजे नॅन. आजचे गणितीही भास्कराचार्यांची ही रीत जशीच्या तशी मान्य करणार नाहीत. शून्याच्या जागी शून्याकडे झुकणारी राशी आहे असे मानले तरच ती टिकते. पण तिच्यातला एक आग्रह मला मोलाचा वाटतो. राशी कोणत्या क्रियेतून आली, ही आठवण हिशोब संपेपर्यंत जपायची. यंत्राचा अनंत ही आठवण जपत नाही.

याचा परिणाम काय होतो ते आमच्या परिसराच्या एका कल्पित तक्त्यावरून सांगतो. पोहरादेवीच्या आसपास अनेक तांडे आहेत. दिवाळी झाली की त्यांतली कितीतरी कुटुंबे कोयता घेऊन ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. समजा, पाण्याच्या वाटपासाठी कोणी तक्ता केला. एका तांड्यात टँकरने दहा हजार लिटर पाणी आले आणि हजर माणसे २५०, म्हणजे माणशी चाळीस लिटर. दुसऱ्या तांड्यात तेवढेच पाणी, पण पाहणीच्या दिवशी सगळी दारे बंद दिसली म्हणून हजर माणसांच्या रकान्यात शून्य पडले. प्रत्यक्षात मागे म्हातारी माणसे आणि काही लेकरे आहेत, ती रानात किंवा देवळात गेली होती. भागाकार झाला, अनंत आला. कमी पाणी मिळणाऱ्यांना आधी असा क्रम लावला तर हा तांडा यादीच्या तळाशी जातो. जगातले सर्वांत जास्त पाणी त्याच्याकडे आहे.

इथवर इझइन्फने विचारले तर चूक सापडते. पण हिशोब एक पायरी पुढे न्या. सर्व तांड्यांची माणशी सरासरी काढली. एकच अनंत पुरतो, सरासरी अनंत झाली. मग प्रत्येक तांडा सरासरीच्या किती पट हे काढले. चाळीस भागिले अनंत म्हणजे शून्य. पंचवीस भागिले अनंत म्हणजेही शून्य. ज्या तांड्याने हे सगळे केले त्याचा अनंत भागिले अनंत होऊन नॅन. आता या शेवटच्या रकान्यावर इझइन्फ चालवा. एकाही ओळीत अनंत सापडत नाही. सगळीकडे शून्य, म्हणजे नीट दिसणारे, सांत, छापण्याजोगे अंक. खहर राशी आली, सगळ्यांना बुडवून गेली आणि मागे स्वतःचे पाऊलही ठेवले नाही. शंकूच्या सावलीतून शंकूची लांबी पुसली गेली होती, तशी इथे अनंतातून माणसे पुसली गेली.

सरकारी कामाचा मोठा भाग एक्सेलमध्ये होतो, हे खरे आहे, आणि एक्सेलला अनंत माहीतच नाही. तिथे शून्याने भागले की खान्यात चूक दाखवणारा इंग्रजी शेरा उमटतो आणि तो शेरा ज्या ज्या बेरजेत जाईल तिला नासवतो. माझ्या मते हे अनंतापेक्षा बरे आहे, कारण ते डोळ्यांना खुपते. पण खुपते म्हणूनच लोक ते झाकतात. २००७ च्या आवृत्तीपासून ‘इफएरर’ नावाचे सूत्र मिळाले आहे. चूक आली तर तिच्या जागी शून्य लिही, असे त्याला सांगितले की तक्ता स्वच्छ दिसतो. मग आपल्या तांड्याला माणशी शून्य लिटर पाणी मिळाले असे छापून येते आणि तो यादीच्या तळातून थेट माथ्यावर जातो. त्याच आकड्यांतून एका रीतीने तो सर्वांत सुखी आणि दुसऱ्या रीतीने सर्वांत तहानलेला. त्या म्हाताऱ्या माणसांना खरोखर किती पाणी लागते, हे दोन्ही तक्त्यांत नाही.

म्हणून तपासणी कुठे करायची हा प्रश्न तपासणी कशी करायची याहून मोठा आहे. माझे उत्तर जुनेच आहे. भागायच्या आधी भाजक पाहावा, आणि तो शून्य असेल तर हे शून्य ‘कोणी नाही’ याचे आहे की ‘मोजले नाही’ याचे, हे मूळ नोंदीकडे जाऊन विचारावे. यंत्राला हे दोन्ही शून्य सारखेच दिसतात.

काहान यांना या विस्मरणाची पूर्ण कल्पना होती. त्यांच्या मानकात उत्तराबरोबर निशाण्या ठेवायची सोय आहे, पाच प्रकारच्या. शून्याने भागले गेले त्याची निशाणी वेगळी, राशी मावली नाही त्याची वेगळी, अर्थहीन क्रिया घडली त्याची वेगळी. एकदा उभारलेली निशाणी हिशोब संपला तरी, कोणी मुद्दाम खाली करेपर्यंत, उभीच राहते. उत्तरात अनंत उरला नसला तरी वाटेत कुठेतरी शून्याने भागले होते, हे शेवटी विचारता येते. भास्कराचार्य शून्याचा गुणक बाजूला लिहून ठेवत, त्याच्या जवळ जाणारी ही आधुनिक तजवीज आहे. गुणक किती, हे ती सांगत नाही, पण काही घडले हे विसरत नाही.

दुर्दैव असे की फार थोड्या भाषांनी ती माणसाच्या हाती दिली. सी भाषेच्या १९९९ च्या मानकात या निशाण्या वाचायचे शब्द आहेत. जावात त्या वाचताच येत नाहीत. काहान यांनी १९९८ मध्ये जोसेफ डार्सी यांच्याबरोबर जावाच्या या आणि इतर उणिवांवर भरपूर संतापाने लिहिले होते. पायथनच्या साध्या अपूर्णांकी संख्यांनाही निशाण्या दिसत नाहीत. दशमान पद्धतीच्या वेगळ्या विभागात मात्र त्या आहेत. त्यातून वेगाच्या हव्यासाने आणखी एक दार उघडले. जीसीसी या प्रसिद्ध कंपायलरला ‘फास्ट-मॅथ’ नावाचा पर्याय देता येतो. तो दिला की कंपायलर असे गृहीत धरतो की या आज्ञावलीत अनंत आणि नॅन कधी येणारच नाहीत. मग आज्ञावलीत जिथे जिथे इझइन्फ म्हणून प्रश्न विचारलेला असतो, तिथे तो प्रश्नच काढून टाकून ‘नाही’ असे उत्तर आधीच लिहून ठेवतो. वाचणाऱ्याला मूळ आज्ञावलीत तपासणी दिसते. चालणाऱ्या यंत्रात ती नसते.

मी माझ्या संगणकावर वरचा तांड्यांचा तक्ता सी भाषेत दोनदा चालवला. पर्याय न देता चालवला तेव्हा पहिल्या रकान्यात अनंत सापडला आणि शून्याने भागल्याची निशाणी उभी होती. फास्ट-मॅथ लावून चालवला तेव्हा दुसऱ्या तांड्याच्या ओळीपुढे ‘सांत’ असे छापून आले, आणि त्याच ओळीत, दोन रकाने अलीकडे, हजर माणसे शून्य.